हलवलेल्या वस्तू

खोलीत एक पलंग, एक कपाट, दोन खुर्च्या आणि औषधांचं एक टेबल होतं. टेबलावर चौदा बाटल्या, त्यातल्या तीन रिकाम्या. भिंतीवर एक घड्याळ, एक आरसा. खिडक्या दोन, दोन्ही बंद. दार एक. पलंग आणि खिडकी यांच्यामध्ये जमिनीवर एक म्हातारे गृहस्थ पडलेले होते, पण यंत्र आत येईपर्यंत त्यांना नेलं होतं आणि त्यांच्या जागी आकडे लिहिलेल्या चार पिवळ्या पाट्या ठेवल्या होत्या. यंत्र उभं करायच्या जागा नऊ. खुणेचे पांढरे गोळे सहा. टिपलेले ठिपके एकवीस कोटी चाळीस लाख.

ही सगळी मोजदाद ठिपकीनं आपल्या हातानं अहवालाच्या पहिल्या पानावर लिहिली होती. त्या पानाच्या तळाशी एक रकाना असतो, ‘हलवलेल्या वस्तू’ नावाचा. त्यात तिनं लिहिलं होतं : शून्य.

ठिपकी हे तिचं खरं नाव नव्हे. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ती या कार्यालयात लागली, त्याच आठवड्यात फोटोकाकांनी तिला ते चिकटवलं. फोटोकाका म्हणजे कार्यालयातले जुने छायाचित्रकार. एकतीस वर्षं ते गुन्ह्याच्या जागांचे फोटो काढत आलेले, आणि आता ही पोरगी स्कॅनर घेऊन आलेली. तिचा स्कॅनर ट्रायपॉडवर उभा राहून डोकं गरागरा फिरवायचा, चारी दिशांना लेझरचा किरण फेकायचा, आणि किरण जिथं आपटून परत येईल तिथं एक ठिपका मांडायचा. एका जागेवरून कोट्यवधी ठिपके. मग यंत्र उचलायचं, दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायचं, पुन्हा तेच. शेवटी पांढऱ्या गोळ्यांच्या खुणेनं सगळे तुकडे संगणकावर एकमेकांना जोडायचे. की ठिपक्यांचं एक अख्खं घर तयार. त्यात हवं तिथं उभं राहता येतं, हवं ते अंतर मोजता येतं, घर पाडलं तरी.

“सगळं दिसतं म्हणे तुझ्या यंत्राला,” फोटोकाका म्हणायचे. “आमच्या हिलाही दिसतं. मी कुठं जातो, काय खातो. पण ती निदान विचारते तरी!”

ठिपकी हसायची. या कामाचा तिला अभिमान होता आणि तो लपवण्याइतकी ती मोठी झाली नव्हती.

म्हाताऱ्या गृहस्थांचं प्रकरण तसं साधं दिसत होतं. एका बैठ्या घरात ते राहायचे, त्यांना सांभाळायला एक मावशी होत्या. मुलगा दुसऱ्या गावी. एका सकाळी गृहस्थ पलंगावरून पडले, डोकं खिडकीच्या कट्ट्यावर आपटलं, आणि संपलं. मावशी म्हणाल्या, मी स्वयंपाकघरात ओट्यापाशी पाणी तापवत होते, तिथून मला पलंगावरचे त्यांचे पाय दिसत होते, एकदम दिसेनासे झाले आणि धाडकन आवाज आला, मी पळत गेले. मुलगा म्हणाला, बाबांचा आणि तिचा रोज खटका उडायचा, तिनंच ढकललं असणार. गृहस्थांच्या खांद्यावर एक ताजा वळ होता. मावशी म्हणाल्या, तो मी उचलायला गेले तेव्हाचा असेल.

तेव्हा सगळं एकाच गोष्टीवर येऊन ठेपलं. ओट्यापासून पलंग दिसतो का? दिसत असेल तर मावशी खरं बोलत होत्या. दिसत नसेल, तर मग त्यांना पाय दिसले कुठून? खोलीत असल्याशिवाय?

दोन आठवड्यांनी तपास अधिकाऱ्यानं आपल्या खोलीत मोठा पडदा लावला. ठिपकी माउस घेऊन बसली. मावशींना कोठडीतून आणलं होतं. बुटक्या, अंगानं भरलेल्या, हाताला साबणानं चरे पडलेले. त्यांची उंची आधीच मोजून घेतली होती : एक मीटर बावन्न. म्हणजे डोळे जमिनीपासून एक मीटर एकेचाळीसवर. ठिपकीनं ठिपक्यांच्या घरात बरोबर त्या उंचीवर, ओट्यापाशी नजर ठेवली.

“मावशी, तुम्ही इथं उभ्या होतात ना?” अधिकाऱ्यानं विचारलं.

“अगं बाई, हे तर आमचंच घर!” मावशी चकित होऊन म्हणाल्या. “हो, इथंच. पाणी ठेवलं होतं तापत.”

“आणि इथून पाय दिसत होते.”

“दिसत होते की. पांघरुणातले. मी रोज तिथूनच बघायची, हलतात का ते. हलले की समजायचं, उठले आता, ओरडणार.”

ठिपकीनं नजर हळूहळू वळवली. ओटा गेला, घरातला मधला बोळ आला, बोळाच्या पलीकडे खोलीची चौकट आली. चौकटीत दाराची फळी होती. निम्म्याहून जास्त लोटलेली. तिच्या कडेच्या फटीतून कपाटाचा एक पट्टा दिसत होता. पलंग कुठंच नव्हता.

मावशी खुर्चीतून पुढं वाकल्या. “दार असं नव्हतं हो.”

“कसं होतं?”

“उघडं होतं. मी लोटतच नाही ते दार. लोटलं तर मला आवाज कसा यायचा त्यांचा?”

अधिकाऱ्यानं ठिपकीकडं पाहिलं. आणि ठिपकी बोलली. कोणी तिला बोलायला सांगितलं नव्हतं. वर अगदी गोड आवाजात, वर्गात मागं पडलेल्या मुलीला समजावावं तशी बोलली, आणि पुढं तिला तेच सगळ्यात जास्त खात राहिलं.

“मावशी, माणसाची आठवण चुकते. यंत्राला आठवावं लागत नाही. जे असतं तेच ते दाखवतं. चुकलं तर दोन मिलिमीटर.”

“दोन मिलिमीटर म्हणजे केवढं?”

ठिपकीनं अंगठ्याच्या नखानं करंगळीच्या टोकावर दाखवलं. मावशींनी ते नीट पाहून घेतलं. मग पुन्हा पडद्याकडं पाहिलं. बराच वेळ.

“मग माझंच चुकलं असेल,” त्या म्हणाल्या. “मी काही शिकलेली नाही. मशीनला दिसलं असेल तर तसंच असणार.” आणि कोणाकडंच न बघता, “मग मी रोज बघायची ते काय बघायची?”

महिला शिपायानं नवा जबाब लिहून घेतला, मावशींनी अंगठा उमटवला. पहिल्या जबाबात पाय दिसले होते, दुसऱ्यात दिसले नसावेत असं होतं. दुसऱ्या दिवशी न्यायालयात सरकारी वकिलानं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि म्हणाला, ही बाई जबाब फिरवते. जामीन नाकारला गेला.

“पोरी,” अधिकारी नंतर जिन्यात ठिपकीला म्हणाला, “माझं महिन्याभराचं काम तू अर्ध्या तासात उरकलंस.”

त्या दिवशी ठिपकीचे पाय जमिनीला लागत नव्हते.

*

सहा आठवडे गेले. एका शुक्रवारी कार्यालयाच्या प्रमुख बाईंनी तिला बोलावलं. बाई म्हणजे मोजकं बोलणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांच्या तोंडून ‘ठीक आहे’ निघालं तर लोक पेढे वाटायचंच काय ते बाकी ठेवायचे.

“सोमवारी नवीन मुलं येताहेत शिकायला. भुतं उतरवायचा धडा तू घे.”

भूत हा त्यांच्या कामातला शब्द. एका जागेवरून टिपताना एखादी वस्तू एकीकडे असेल आणि पुढच्या जागेवरून टिपेपर्यंत ती हलली असेल, तर जोडलेल्या चित्रात ती दोनदा दिसते. एक पडदा दोनदा, एक शिपाई अर्धा इथं अर्धा तिथं. त्यातली खोटी प्रत ओळखून काढायची, याला म्हणायचं भूत उतरवणं. उतरवलेलं भूत मात्र टाकून द्यायचं नाही, असा बाईंचा नियम. ते ‘कचरा’ नावाच्या वेगळ्या थरात ठेवायचं.

धड्यासाठी ठिपकीनं म्हाताऱ्या गृहस्थांचं घर निवडलं, कारण तिच्या हातून उतरलेलं ते सगळ्यात स्वच्छ काम होतं. दुपारी जेवणानंतर तिनं कचऱ्याचा थर उघडला. त्यात बोळातून जाणाऱ्या एका शिपायाचे नुसते दोन पाय होते. खिडकीच्या पडद्याची एक घडी होती. आणि एक दार होतं. मुठीसकट, बिजागऱ्यांसकट, पूर्ण.

आधी तिला हसूच आलं. दाराचं भूत! मुलांना दाखवायला झकास. मग तिनं दोन्ही दारं एका वेळी चालू केली आणि कोन मोजला. ठेवलेलं दार अडतीस अंशांवर होतं. कचऱ्यातलं एकाहत्तर अंशांवर.

तिनं पुन्हा मोजलं. आकडे तेच आले.

कोणत्या जागेवरून कोणतं दार दिसतं ते तिनं एकेक करून पाहिलं. पहिल्या चार जागांवरून एकाहत्तर. पाचव्यापासून नवव्यापर्यंत अडतीस. पाचवी जागा होती दाराच्या मागं, दार आणि कपाट यांच्या मधल्या बोळकांडीत, कारण उघड्या दारामागचा कोपरा दुसरीकडून कुठूनच दिसत नव्हता. आणि एवढं पाहिल्यावर तिला ते आठवलं. ट्रायपॉडचा एक पाय तिथं मावेना. दोन्ही हात यंत्रात अडकलेले. तिनं कोपरानं दार ढकललं. मनाशी म्हणालीसुद्धा, परत लावते. तेवढ्यात बॅटरी संपल्याची पिपाणी वाजली, ती बॅटरी आणायला बाहेर गेली, आणि परत आली तेव्हा दार तिच्या डोक्यातून साफ गेलेलं होतं.

चित्र जोडताना तिला दोन दारं दिसली तेव्हा तिनं दाट ठिपक्यांचं ठेवलं. चार विरुद्ध पाच. पाच जागांवर दिसलेलं, त्यातही हातभर अंतरावरून टिपलेलं ते दार इतकं रेखीव होतं की लाकडाच्या रेषा मोजाव्यात. दुसरं विरळ, धुरकट. भूतच वाटत होतं.

पण रकाना? दार हललंय हे रकान्यात लिहिलेलं असतं तर चित्र जोडताना कोणीही थांबलं असतं. रकान्यात शून्य होतं, कारण ते शून्य तिनं घरात पाऊल ठेवायच्या आधीच, गाडीत बसल्या बसल्या लिहिलं होतं. पान बाहेर आल्यावर भरायचं असतं. पण बाहेर येईपर्यंत हात दुखतात, लोक घाई करतात, म्हणून नेहमी सारखं राहणारं ती आधीच भरून टाकायची. तारीख, पत्ता, यंत्राचा क्रमांक, शून्य. पहिल्या दिवसापासून तिची ही सवय होती.

शेवटी तिनं इतर सगळ्या जागा बंद करून फक्त पहिली ठेवली. पहिली जागा स्वयंपाकघराच्या मधोमध होती, ओट्यापासून साधारण एक मीटरवर. तिथून तिनं चौकटीकडं पाहिलं. दाराच्या कडेपलीकडे पलंगाचा पायाकडचा भाग होता, त्यावर दुमडलेलं पांघरूण.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. पण खरं सांगायचं तर मावशींचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढं नंतर आला. पहिल्यांदा तिच्या मनात आलं ते हे : सोमवारच्या धड्याला आता दुसरं कोणतं घर घ्यायचं?

आणि तिनं दुसरं घर घेतलं.

*

ठिपकी आत्याकडे राहायची. आत्या टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, त्यामुळं बातमी पोचवणं हा तिचा जन्मसिद्ध हक्क. शनिवारी शेजारच्या वहिनी आल्या तेव्हा आत्यानं ठिपकीला चहा करायला लावलं आणि आतपर्यंत ऐकू जाईल अशा बेतानं सुरू केलं.

“आमच्या पोरीच्या यंत्रापुढं भल्याभल्यांची टाप नाही. त्या म्हाताऱ्याला ढकललं ना, ती बाई? साळसूदपणे सांगत होती, मी नव्हतेच खोलीत. हिनं पडद्यावर दाखवलं, आणि बाई गप! स्वतःच म्हणाली, माझंच चुकलं.”

“अगं बाई! मान्यच केलं?”

“मान्य काय, अंगठा दिला! काय गं ठिपके?”

“आत्या, ते तसं नसतं,” ठिपकी स्वयंपाकघरातून म्हणाली.

“बघा, किती विनय आहे! बापावर गेलीय.”

ठिपकी न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. पाणी बादलीतून वाहून चाललं तरी तिनं नळ बंद केला नाही.

रविवारी तिनं बाईंना पत्र लिहायला घेतलं आणि तीनदा खोडलं. बुद्धी चालवायची सवय असलेल्या माणसाला सबबी फार चटकन सुचतात. खांद्यावर वळ होताच की. मुलाची साक्ष होतीच की. नुसत्या एका दारावर कोणी कोणाला शिक्षा करत नाही. प्रत्येक सबब तिला पाच मिनिटं पुरायची, मग तिचाच तिला किळसवाणा वास यायचा.

सोमवारी तिनं धडा घेतला. दुसऱ्याच एका घराचं चित्र, एक साधी हललेली खुर्ची. धडा रंगला. एका मुलीनं हात वर केला.

“मॅडम, दोन प्रती दिसल्या तर खरी कुठली हे ठरवायचं कसं?”

“सगळ्यात आधी टिपलेली,” ठिपकी न अडखळता म्हणाली. “कारण नंतर आपण स्वतः आत शिरलेलो असतो.”

सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मागच्या बाकावर बसलेल्या बाई उठता उठता म्हणाल्या, “ठीक आहे.”

मंगळवारी सकाळी ती फोटोकाकांकडे गेली आणि त्या घराचे फोटो मागितले. काका तिच्या आधी अर्धा तास तिथं पोचले होते. पहिल्याच फोटोत, बोळातून काढलेल्या, दार चांगलं उघडं होतं. दाराशी उभा असलेला शिपाई कंटाळून चौकटीला टेकलेला.

“हे दार,” ठिपकी म्हणाली.

“हं. उघडं होतं. तुझ्या चित्रात लोटलेलं आहे.”

तिनं वर पाहिलं. “तुम्ही बघितलं होतंत?”

काकांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. “एकदा पडद्यावर दिसलं होतं. म्हटलं, हलवलं असेल, लिहिलं असेल रकान्यात. शिकलेली पोर आहे. आपण म्हाताऱ्यानं कशाला नाक खुपसायचं?” मग हळू आवाजात, “लिहिलं नव्हतंस?”

“नाही.”

“अरे देवा.” ते खुर्चीत बसले. “मी विचारायला हवं होतं गं. उगाच मनात ठेवलं, की बोललो तर म्हणतील, याला यंत्राची पोटदुखी.” थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “बाईंना कधी सांगतेस?”

“उद्या.”

“आज का नाही?”

“आज त्यांची बैठक आहे.”

ही गोष्ट खरी होती. बैठक दुपारी तीनला संपणार होती. ठिपकी साडेपाचला घरी गेली.

*

बुधवारी सकाळी दहा वाजता ती बाईंच्या टेबलासमोर उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. कोपर, बॅटरी, गाडीत लिहिलेलं शून्य, चार आणि पाच, पहिल्या जागेवरून दिसलेलं पांघरूण. काकांचा फोटो टेबलावर ठेवला.

“कधी कळलं?”

“शुक्रवारी.”

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं नाही. त्या तिच्याकडंच पाहत राहिल्या. “आज वार कोणता आहे?”

“बुधवार.”

“सोमवारी तू त्या पोरांना सांगितलंस, आधीची प्रत खरी. मी मागं बसून ऐकत होते. मनात म्हटलं, पोरगी तयार झाली.” बाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “दार ढकलणारी तू पहिली नाहीस. मीही ढकललीत. पण हे मधले दिवस, यांचं काय करायचं ते मला सुचत नाही.”

जमिनीवरच्या फरशीला एक बारीक तडा होता; तो कुठून कुठं जातो हे तिला नंतर कितीतरी महिने पाठ होतं.

“आणखी किती पानांवर आधीच शून्य लिहिलंस?”

“सगळ्याच.”

“सगळ्याच म्हणजे?”

“एकशे बारा.”

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग फोन उचलला. अधिकाऱ्याला सांगितलं, सरकारी वकिलाला सांगितलं, मावशींच्या वकिलाला सांगितलं. तिसऱ्या फोनवर त्या म्हणाल्या, “अडतीस अंश म्हणजे पंचावन्न सेंटिमीटरची फट. आवाज ऐकून धावत गेलेली बाई दार सताड न ढकलता अंग चोरून आत शिरते का, हे आमच्यापैकी कोणालाच विचारावंसं वाटलं नाही. मलाही नाही.” फोन ठेवून त्यांनी ठिपकीला सांगितलं, “ते घर आता रंगवून दुसऱ्याला दिलंय. पुन्हा जाऊन काही मोजता यायचं नाही. मूळ ठिपके दुसऱ्या विभागाकडे जातील, तिथला माणूस पहिल्यापासून मोजेल. तू कशाला हात लावायचा नाही. माउसलासुद्धा.”

“हो.”

“मग उभी का आहेस?”

“मावशींना कोण सांगणार?”

“वकील.”

“मी सांगू?”

“तुला हलकं वाटावं म्हणून?”

ठिपकीला खोटं बोलता आलं असतं. “थोडं तेही असेल,” ती म्हणाली.

बाईंनी पेनचं टोपण लावलं. “जा. पण रडायचं नाही. तिच्यासमोर रडलीस तर ती तुझी समजूत काढत बसेल. ते तिचं काम नाही.”

*

गुरुवारी दुपारी वकिलाबरोबर ती तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत बसली. टेबल जमिनीला स्क्रूनं जखडलेलं, खुर्च्याही. मावशी आल्या. वाळल्या होत्या, अंगातला झगा खांद्यावरून ओघळत होता. ठिपकीला त्यांनी लगेच ओळखलं.

“मशीनवाल्या ताई ना तुम्ही? आता काय दाखवायचंय?”

“दाखवायचं काही नाही, मावशी. सांगायचंय. दार मी ढकललं होतं. यंत्र ठेवायला जागा नव्हती म्हणून. परत लावायचं विसरले, आणि लिहूनही ठेवलं नाही. तुम्ही म्हणत होतात तेच बरोबर होतं, दार उघडं होतं.”

मावशींनी वकिलाकडं पाहिलं. तो मान डोलावत होता. मग त्यांनी आपले दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले.

“कधी कळलं हे?”

“गेल्या शुक्रवारी. लगेच सांगितलं नाही. घाबरले.”

“सोमवारी माझी तारीख होती,” मावशी म्हणाल्या. “वकीलसाहेबांनी पुन्हा मागितला जामीन. पुन्हा नाही म्हणाले.”

ठिपकीला हे माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असंही तिला सुचलं नव्हतं. सोमवारी ती खडूनं फळ्यावर खुर्ची काढत होती. तिनं खालचा ओठ दातात धरला आणि रडली नाही.

“सोडतील का मला, ते यांचं काम, हे बघतील,” मावशी वकिलाकडं बोट करून म्हणाल्या. “तुम्ही मला वेगळंच सांगा. मला पाय दिसले होते का?”

“म्हणजे?”

“अहो, मला आता आठवतच नाही. तुम्ही ते दार दाखवलंत ना, तेव्हापासून डोळे मिटले की तेच लोटलेलं दार दिसतं. किती महिने मी त्या ओट्यापाशी उभी राहायची. पाय हलले की गॅस बारीक करायची आणि जायची. ते सगळं मनानंच केलं का मी? रात्रंदिवस हाच घोर आहे. मला वेड तर नाही लागलं?”

ठिपकीला पहिल्या जागेवरून दिसलेलं पांघरूण डोळ्यांपुढं लख्ख दिसत होतं. ‘हो, दिसले होते’, एवढे तीन शब्द तोंडाशी आले. पण पहिली जागा ओटा नव्हता. एक मीटर इकडं की तिकडं, त्यात पलंग दिसायचा किंवा नाही दिसायचा. आणि मोजणारी आता ती नव्हती.

“अजून मोजायचं आहे, मावशी. दुसरं माणूस मोजतंय. मोजल्याशिवाय मी नाही सांगू शकत.”

मावशींनी तिच्याकडं पाहिलं. रागानं नव्हे, नुसतं पाहिलं.

“तेव्हा तर लगेच सांगितलंत,” त्या म्हणाल्या.

शिपायानं वेळ संपल्याची खूण केली. मावशी उठल्या, टेबलाची कड धरून सावरल्या, आणि जाता जाता विचारलं, “किती दिवस?”

“दोन.”

“बरं. दोन तर दोन.”

बाहेर आल्यावर वकील काहीतरी दिलाशाचं बोलत होता. ठिपकीला ते ऐकायची लाज वाटली. तिनं त्याला पुढं व्हायला सांगितलं आणि ती फाटकाशी थांबली. आत्याचा फोन आला, रात्री काय करू खायला, वहिनी पण येताहेत. ठिपकी म्हणाली, “आत्या, वहिनी आल्या की मला त्यांच्यासमोर एक सांगायचंय.” मग आत्या म्हणाली, “काय केलंस गं?” आणि ठिपकीनं तिथंच, रस्त्याच्या कडेला उभं राहून, पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

शनिवारी सकाळी दुसऱ्या विभागाचा अहवाल आला. बाईंनी तो उघडून आधी स्वतः वाचला, एक प्रत मावशींच्या वकिलाकडे धाडली आणि दुसरी ठिपकीसमोर सरकवली. तीन पानं होती. ती तिनं सावकाश, एकही ओळ न गाळता वाचली. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं :

दाराचा कोन : एकाहत्तर अंश (पहिल्या चार जागांवरून, छायाचित्राशी ताडून). बघणाऱ्याची जागा : स्वयंपाकघरातील ओट्यासमोर. डोळ्यांची उंची : एक मीटर एकेचाळीस सेंटिमीटर. या जागेवरून पलंगाची पायाकडची बाजू दिसते. दिसणारी रुंदी : त्रेचाळीस सेंटिमीटर, अधिक-उणे एक.